आईने घेतलेला मुलाच्या देहाचा आकार

माद्रिद येथील प्रादो संग्रहालयात ओक लाकडाच्या फळ्यांवर तैलरंगात रंगवलेले एक मोठे शोकचित्र आहे. त्याची रुंदी अडीच मीटरहून थोडी जास्त आणि उंची दोन मीटरहून थोडी जास्त आहे. क्रुसावरून खाली घेतला जाणारा येशूचा मृतदेह आणि त्याच्याभोवतीची नऊ माणसे, एवढेच त्यात आहे. यरुशलेम शहर, आकाश, टेकडी, रोमन शिपाई किंवा बघ्यांची गर्दी यांपैकी काहीही चित्रकाराने येऊ दिलेले नाही. सुमारे १४३५ साली हे चित्र रंगवणाऱ्याचे नाव रोझीर व्हान डर वायडेन. शोक या एका भावनेला डच भाषक प्रदेशातील चित्रकलेने कसे घडवले, हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात या चित्रापासून करावी, असे मला वाटते. या चित्रातील दुःख आपल्याला थेट भिडते, पण ते तसे भिडावे यासाठी चित्रकाराने किती विचार केला आहे, हे नीट पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

आधी ‘डच’ या शब्दाचा खुलासा करायला हवा. आजचे नेदरलँड्स आणि बेल्जियम हे दोन देश १५व्या शतकात वेगळे नव्हते. समुद्राकाठच्या या सखल प्रदेशात अनेक लहानमोठी संस्थाने होती आणि त्यांपैकी बरीचशी बर्गंडीच्या ड्यूकच्या अमलाखाली होती. म्हणूनच त्या काळातील येथील चित्रांना कोणी ‘फ्लेमिश’ म्हणतात, तर कोणी ‘प्रारंभीची नेदरलँडिश’. रोझीरचा जन्म तुर्ने या फ्रेंच भाषक गावात १४०० सालाच्या सुमारास झाला आणि तेव्हा त्याचे नाव रोझे द ला पास्त्युर असे होते. ‘पास्त्युर’ म्हणजे कुरण. पुढे तो ब्रुसेल्सला स्थायिक झाला आणि १४३६ पर्यंत त्या शहराचा नियुक्त चित्रकार बनला. तिथे त्याचे आडनावही डच झाले, कारण ‘व्हान डर वायडेन’ याचा अर्थही कुरणाचा असाच होतो. प्रस्तुत चित्र ल्यूव्हेन या डच भाषक शहरातील तिरंदाजांच्या संघाने आपल्या प्रार्थनागृहासाठी करवून घेतले होते. हे तिरंदाज आडवे, यांत्रिक धनुष्य वापरत असत. चित्राच्या वरच्या कोपऱ्यांतील सोनेरी नक्षीत तशी इवलीशी धनुष्ये रंगवलेली आजही दिसतात.

ख्रिस्ती चित्रपरंपरेत येशूच्या मृत्यूनंतरचे काही तास वेगवेगळ्या दृश्यांत विभागलेले आहेत आणि त्यांची नावे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती थोडक्यात सांगतो. देह क्रुसावरून उतरवला जातो ते अवतरण, उतरवलेल्या देहाभोवती आप्तेष्ट शोक करतात तो विलाप, आणि देह कबरीत ठेवला जातो ते दफन. बाकीची माणसे वगळून फक्त आई आणि तिच्या मांडीवरील मृत मुलगा दाखवला, तर त्याला इटालियन शब्दाने ‘पिएता’ म्हणतात. रोझीरच्या चित्राचे रूढ नाव अवतरण असे आहे. प्रत्यक्षात मात्र देह उतरवण्याचे काम त्यात जवळजवळ संपलेले आहे आणि विलाप सुरू झालेला आहे. एक क्षण संपून दुसरा सुरू होताना मधली जी फट असते, ती त्याने निवडली.

या शोकाचे वर्णन बायबलमध्ये जवळजवळ नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. अरिमथाईकर योसेफाने येशूचा देह मागून घेतला, असे बायबलमधील येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत येते. गंधरस आणि अगरू घेऊन आलेला निकदेम फक्त योहानाच्या शुभवर्तमानात भेटतो. येशूची आई मरीया क्रुसाजवळ उभी होती, असेही योहानच सांगतो. पण तिने मुलाचा देह जवळ घेतला, ती रडली किंवा बेशुद्ध पडली, असे कुठेही लिहिलेले नाही. ही रिकामी जागा पुढच्या शतकांतील भक्तांनी भरून काढली. १४व्या शतकाच्या उत्तरार्धात डेव्हेंटर येथील गेर्ट ग्रोट याच्या प्रेरणेने नेदरलँड्समध्ये एक भक्तिचळवळ उभी राहिली. वादविवादापेक्षा मनन महत्त्वाचे, असे या चळवळीतील साधक मानत. येशूच्या यातनांचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा, त्या प्रसंगी आपण स्वतः तिथे हजर आहोत अशी कल्पना करावी आणि मरीयेच्या दुःखात सहभागी व्हावे, अशी साधना त्या काळच्या ख्रिस्ती समाजात दूरवर रुजलेली होती. शोकचित्र हे त्या साधनेचे साधन होते. घराची किंवा देवळाची शोभा वाढवणे हा त्याचा मुख्य हेतू नव्हता.

या भक्तीच्या केंद्रस्थानी एक लॅटिन शब्द होता, ‘कोम्पास्सिओ’. त्याचा अर्थ सोबत सोसणे. मराठीत आपण त्याला सहवेदना म्हणू शकतो. येशूने देहाने जे सोसले ते सारे मरीयेने मनाने सोसले, असा या कल्पनेचा आशय आहे. बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा शिमोन नावाच्या वृद्धाने मरीयेला सांगितले होते की तुझ्या स्वतःच्या जिवातूनही तलवार आरपार जाईल. हे भाकीत लूकच्या शुभवर्तमानात आहे आणि सहवेदनेची कल्पना त्याच्याच आधारावर उभी आहे. धर्मशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ लिहिले. रोझीरने हा सिद्धान्त शब्दांऐवजी एका आकाराने मांडला आणि माझ्या मते या चित्राचा गाभा तोच आहे.

येशूचा देह चित्राच्या मध्यभागी तिरपा आहे. डोके एका बाजूला कललेले, एक हात सैल लोंबणारा, कंबरेत किंचित वळण आणि पाय उजवीकडे गेलेले. त्याच्या खालीच मूर्च्छित होऊन कोसळणारी मरीया आहे. तिचेही डोके तसेच कललेले आहे, हात तसाच सैल सुटलेला आहे, कंबर तशीच वळलेली आहे आणि देह त्याच दिशेने तिरपा आहे. एक देह नग्न, दुसरा निळ्या वस्त्रात. एक मृत, दुसरा जिवंत. आकार मात्र दोन्हींचा एकच. आईने मुलाचे मरण आपल्या देहात उतरवून घेतले आहे, हे समजण्यासाठी १५व्या शतकातील विणकराला किंवा तिरंदाजाला लॅटिन येण्याची गरज नव्हती. ते त्याला डोळ्यांनी दिसत होते.

मरीया अशी कोसळलेली दाखवावी की नाही, यावर पुढे गंभीर वाद झाला. धर्मशास्त्रज्ञ कायेतान याने १५०६ मध्ये आक्षेप नोंदवला की शुभवर्तमानात ती उभी होती असे स्पष्ट म्हटले आहे, त्यामुळे तिची मूर्च्छा दाखवणे शास्त्राला धरून नाही आणि तिच्या धैर्यालाही ते शोभणारे नाही. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. दुःखात ताठ उभे राहणे थोर की दुःखाने मोडून पडणे प्रामाणिक, हा प्रश्न त्यामागे आहे. रोझीरने आपले उत्तर सत्तर वर्षे आधीच देऊन ठेवले होते. त्याची मरीया कोसळते, पण तिच्या चेहऱ्यावर विकृती नाही, तोंड उघडे नाही, हंबरडा नाही. ओघळणारे अश्रू आणि मिटत आलेले डोळे एवढेच तिथे आहे.

बाकीची माणसेही एकसारखा शोक करत नाहीत. डावीकडे लाल वस्त्रातील तरुण शिष्य योहान मरीयेला सावरण्यासाठी वाकला आहे. त्याला रडायला सवड नाही, कारण तिला धरणे हे त्याचे काम आहे. त्याच्या मागील स्त्री कापडाने डोळे टिपते आहे. मृतदेह धरणारे दोन वयस्क पुरुष एका कठीण कामात गुंतले आहेत. त्यांपैकी योसेफ कोणता आणि निकदेम कोणता, याबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. उजव्या टोकाला येशूची अनुयायी मग्दालीया मरीया आहे. तिने हात एकमेकांत गुंतवून पिळले आहेत, खांदे वर उचलले आहेत आणि तिचे सारे शरीर मुरगळले आहे. तिच्या कमरपट्ट्यावर येशू आणि मरीया ही दोन नावे लिहिलेली आहेत. डावीकडचा योहान आणि उजवीकडची मग्दालीया हे दोघे आतल्या बाजूला वाकलेले असल्यामुळे वाक्याभोवती कंस घालावा तसे ते संपूर्ण समूहाला बांधून ठेवतात. आपली नजर चित्राबाहेर निसटू पाहते आणि दर वेळी त्यांच्यावर आदळून परत फिरते.

ही माणसे उभी आहेत ती जागाही विलक्षण आहे. ती एक उथळ, सोनेरी पेटी आहे आणि तिची खोली माणसाच्या खांद्याच्या रुंदीपेक्षा फारशी जास्त नसावी. त्या काळी ब्राबांट प्रांतातील चर्चमध्ये लाकडात कोरलेल्या आणि रंगवलेल्या मूर्तींच्या देवघरासारख्या पेट्या वेदीवर ठेवत असत. रोझीरने आपले चित्र मुद्दाम तशा पेटीसारखे केले. पण त्या मूर्ती रंगवलेले लाकूड होत्या, आणि येथे सपाट फळीवरील माणसांच्या गालांवरून पाणी वाहते आहे. बारकाईने मोजू गेल्यास ही रचना जमत नाही. एवढ्या अरुंद जागेत एकामागे एक पाच थर बसू शकत नाहीत. क्रुसाचे आडवे लाकूड इतके आखूड आहे की त्यावर माणसाचे हात पसरून खिळता येणार नाहीत. मरीयेचे पायही वाजवीपेक्षा लांब आहेत आणि त्यांमुळे क्रुसाचा आणि शिडीचा तळ झाकला जातो, म्हणजे ते जमिनीवर नेमके कुठे टेकले आहेत हे आपल्याला दिसतच नाही. या गोष्टी चित्रकाराच्या हातून चुकून घडलेल्या नाहीत. जागेचा हिशेब बिघडला तरी चालेल, पण दहा देह एकमेकांना चिकटलेले राहिले पाहिजेत, असे त्याने ठरवले होते. प्रत्यक्ष पाहताना हिशेबातील ही तूट जाणवत नाही, यातच त्याचे यश आहे.

आता तैलरंगाकडे वळू, कारण हे अश्रू त्याच्याशिवाय असे रंगवता आले नसते. त्याआधी युरोपात फळ्यांवरील चित्रांसाठी मुख्यतः अंड्याच्या बलकात कालवलेला रंग वापरत. तो काही क्षणांत वाळतो, त्यामुळे दोन छटा एकमेकींत मिसळायला वेळ मिळत नाही आणि बारीक रेघा शेजारी शेजारी ओढून उठाव आणावा लागतो. जवसाच्या तेलाचे वागणे निराळे आहे. खोबरेल तेल वाटीत वर्षभर ठेवले तरी वाळत नाही, पण जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते आणि शेवटी त्याचा पारदर्शक, टणक पापुद्रा बनतो. क्रिकेटच्या बॅटीला हेच तेल चोळतात. त्यात रंगाची पूड घोटली की चित्रकाराला दोन फायदे मिळतात. पहिला म्हणजे वेळ, कारण ओल्या रंगात छटा अलगद मिसळता येतात. दुसरा म्हणजे पारदर्शकता, कारण वाळलेल्या थरावर काचेसारखा पातळ दुसरा थर चढवता येतो आणि त्यावर तिसरा. प्रकाश या सर्व थरांतून आत जातो, तळाशी असलेल्या खडूच्या पांढऱ्या लेपावर आपटतो आणि रंगून बाहेर येतो. पावसाने भिजलेला कातळ कोरड्या कातळापेक्षा गडद आणि खोल का दिसतो, त्याचे कारण बऱ्याच अंशी हेच आहे.

तैलरंगाचा शोध रोझीरचा समकालीन चित्रकार यान व्हान आइक याने लावला, असे इटालियन चरित्रकार वासारीने १६व्या शतकात लिहिले आणि ते अनेक पिढ्या प्रमाण मानले गेले. ते खरे नाही. १२व्या शतकातील युरोपीय कारागिरांना तेलात रंग घोटणे माहीत होते, आणि अफगाणिस्तानातील बामियानच्या गुहांमधील ७व्या शतकाच्या आसपासच्या भित्तिचित्रांतही वाळणाऱ्या तेलाचा वापर आढळल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. व्हान आइक आणि रोझीर यांच्या पिढीचे श्रेय शोधाचे नसून प्रभुत्वाचे आहे.

अश्रू रंगवायचा म्हणजे वस्तुतः काय करायचे? गालाचा रंग वाळलेला असतो. त्यावर अत्यंत पातळ, जवळजवळ बिनरंगाचा थेंब काढायचा, त्याच्या एका कडेला किंचित सावली द्यायची, दुसऱ्या कडेला शिशापासून बनवलेल्या पांढऱ्या रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका ठेवायचा आणि थेंबाखालच्या त्वचेवर त्याची पुसटशी छाया टाकायची. प्रकाश कोणत्या बाजूने येतो याचे भान त्या ठिपक्यातही सुटता कामा नये. असे थेंब या चित्रात अनेक चेहऱ्यांवर आहेत आणि प्रत्येक चेहऱ्यावर ते वेगळ्या वाटेने ओघळतात. मरीयेच्या वस्त्राचा निळा रंगही असाच थरांनी गहिरा झाला आहे. तो लाजवर्द या दगडाची पूड करून केलेला आहे. हा दगड त्या काळी अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून युरोपात पोचत असे आणि म्हणून त्याच्या रंगाला ‘अल्ट्रामरीन’, म्हणजे समुद्रापलीकडचा, असे नाव पडले. इतका महागडा रंग कोसळणाऱ्या एका स्त्रीच्या वस्त्रावर सढळ हाताने वापरणे, ही रोझीरच्या आश्रयदात्यांच्या भक्तीची खूणच म्हटली पाहिजे.

मरीयेच्या सैल पडलेल्या हाताजवळ जमिनीवर एक कवटी आहे. येशूला जिथे क्रुसावर चढवले त्या गुलगुथा या ठिकाणाच्या नावाचा अर्थच कवटीची जागा असा होतो. पहिला मानव आदाम तिथेच पुरला गेला अशी जुनी श्रद्धा होती, आणि त्याच्या पापाची भरपाई येशूच्या रक्ताने झाली, हा ख्रिस्ती विश्वास त्या एका कवटीने सूचित होतो. शोकाच्या चित्रात आशेला एवढीच जागा दिलेली आहे, आणि तीही अगदी तळाशी.

रोझीरने सही केलेले एकही चित्र आज उपलब्ध नाही, मग हे चित्र त्याचेच आणि त्याच काळचे हे कशावरून ठरवायचे? ल्यूव्हेनच्या सेंट पीटर चर्चमध्ये या चित्राची एक लहान, थोडी बदललेली नक्कल आहे आणि तिच्यावर १४४३ हे साल आहे. अर्थात मूळ चित्र त्याआधीचे असले पाहिजे. पुढे १५७४ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने हे चित्र एस्कोरियालच्या मठाला दिले, तेव्हाच्या नोंदीत चित्रकार म्हणून रोझीरचे नाव आहे. ल्यूव्हेन ते स्पेन हा प्रवासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. फिलिपची आत्या, हंगेरीची राणी मरीया, नेदरलँड्सचा कारभार पाहत होती. तिने १५४८च्या सुमारास हे चित्र तिरंदाजांकडून मिळवले आणि बदल्यात त्यांना मिखील कॉक्सी या चित्रकाराने केलेली नक्कल आणि चर्चमध्ये वाजवायचा एक ऑर्गन दिला. स्पेनला नेताना जहाज बुडाले, पण पेटीत घट्ट बांधलेले चित्र तरंगत राहून वाचले, अशी कथा चित्रकारांचा चरित्रकार कारेल व्हान मान्डर याने १६०४ मध्ये लिहून ठेवली आहे. १९३९ पासून ते प्रादोमध्ये आहे.

रोझीरच्या समकालीनांनीही त्याच्या अश्रूंची दखल घेतली होती. इटलीतील विद्वान बार्तोलोमेओ फात्सिओ याने १४५६ मध्ये रोझीरच्या दुसऱ्या एका अवतरणचित्राचे वर्णन केले. ते चित्र आता हरवले आहे. पण त्यातील माणसांचा शोक आणि अश्रू खऱ्यांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, अशी त्याची प्रशंसा शिल्लक आहे. सर्वांनाच हे रुचले असे मात्र नाही. पोर्तुगीज चित्रकार फ्रांसिस्को द ओलांदा याने १५४८ मध्ये पूर्ण केलेल्या संवादांत मायकेलअँजेलोच्या तोंडी असे मत घातले आहे की फ्लँडर्सची, म्हणजे याच सखल प्रदेशातील, चित्रे भाविकांना पुष्कळ रडवतात, तसे इटलीचे चित्र कधी रडवणार नाही. आणि पुढच्या विवेचनातून हा फ्लँडर्सचा गौरव नाही, हे वाचकाच्या ध्यानात येते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. रडू आणणे सोपे असते, हे खरे. पण आकार, रंग, जागा आणि प्रकाश यांच्या इतक्या काटेकोर रचनेतून, चेहऱ्यांची प्रतिष्ठा अबाधित ठेवून ते आणणे ही कनिष्ठ प्रतीची कला असूच शकत नाही.

रोझीरनंतर हा विषय आजच्या नेदरलँड्समध्येही रुजला. हार्लेम येथे सेंट जॉनच्या धर्मसंघात राहणारा, जेमतेम २८ वर्षे जगला असे सांगितले जाते तो चित्रकार गेर्टखन याने त्या संघाच्या वेदीसाठी विलापाचे एक चित्र रंगवले. पुढच्या शतकातील उलथापालथीत त्या वेदीचित्राचा बराचसा भाग नष्ट झाला आणि वाचलेली एक फळी आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. १५६६ मध्ये नेदरलँड्समधील प्रॉटेस्टंट सुधारणावाद्यांनी चर्चमधील मूर्ती आणि चित्रे फोडली आणि त्यानंतर उत्तरेकडील प्रॉटेस्टंट चर्चच्या भिंती रिकाम्या राहिल्या. तरीही विलापाचा विषय संपला नाही. १६३५च्या सुमारास रेम्ब्राँटने तो हाताच्या दोन पंजांत मावेल एवढ्या आकारात, केवळ करड्या आणि तपकिरी छटांमध्ये, कागदाला कॅनव्हासचे तुकडे जोडत रंगवला. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्या चित्रातही आई मूर्च्छित झालेली आहे. वेदीसाठी काढलेली भव्य फळी जाऊन तिथे चित्रकाराच्या खोलीतला कागद आला होता.

आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या गुड फ्रायडेच्या विधीत येशूची मूर्ती क्रुसावरून उतरवतात, पालखीसारख्या शय्येवर ठेवून मिरवणुकीने नेतात आणि मागोमाग दुःखी मातेची मूर्ती असते. ज्यांनी तो विधी पाहिला आहे त्यांना ल्यूव्हेनच्या तिरंदाजांनी असे चित्र का मागितले, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. प्रादोमध्ये जाण्याचा योग ज्यांना येईल त्यांनी चेहऱ्यांकडे वळण्याआधी चित्राच्या मध्याजवळ पाहावे. तिथे मुलाचा लोंबता हात आणि आईचा निसटता हात एकमेकांच्या अगदी जवळ आले आहेत. एकाच्या तळव्यात खिळ्याची जखम आहे, दुसऱ्याच्या नाही. दोघांची बोटे सारखीच सैल आहेत आणि ती एकमेकांना लागलेली नाहीत.